आबांचे टाके

केंदूर, १८ जानेवारी २००८

पुण्याहून आबांचा रिपोर्ट आला. जठरातला कॅन्सर वरच्या थरातच होता, काढलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ आहेत. सुटले बाई. डॉक्टरांनी दोन्ही वाटा सांगितल्या होत्या. घरचे म्हणत होते, एकदाच पोट उघडून मोकळे व्हा. अठ्ठ्याहत्तरीत, असल्या दुबळ्या हृदयावर? सून असून मीच हट्ट धरला, तोंडातून दुर्बीण घालूनच काढू. मग रोज वाटायचं, आपलं चुकलं तर?

आबांचं दुःख वेगळंच. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, टाके किती? दाखवायला एकही नाही. जन्म मेंढरांमागे गेला. मेंढराला गाठ आली की कापायचं आणि शिवायचं, एवढंच त्यांना ठाऊक. आज समोरचे आप्पा आले आणि बसल्या बसल्या सदरा वर करून स्वतःचे जुने टाके दाखवू लागले. वर म्हणतात कसे, "कॅन्सर काढला म्हन्ता, आन् टाका न्हाई?"

आबांनी बॅटरी मागवली आणि आ वासला. "हितनं नळी गेली, हितनंच समदं भाईर आलं. बघा."

आप्पांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं, मोठ्या डॉक्टरसारखी मान डोलावली.

ते गेल्यावर मीही बॅटरी घेतली. रिपोर्ट हातात असून, का कोण जाणे. दोन दाढा, जीभ, पुढे अंधार.

तोंड मिटून आबांनी विचारलं, "काय दिसलं?"

"काहीच नाही, आबा."

"मंग पेज बास झाली. भाकर आन."