सात नंबरचा खिळा

१२ जुलै

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. इथे आम्ही ठीक आहोत. म्हणजे मी. बाबांना जाऊन महिना झाला, तरी 'आम्ही' लिहायची सवय जात नाही. दुकान रोज उघडते. गेल्या आठवड्यात शाळेची बारा कुलपं दुरुस्त करून दिली. तुझं दोन ओळींचं पत्र मिळालं. यायला जमलं नाही, हे कळलं. त्यावर मी काही लिहीत नाही.

जुन्या तुरुंगाचं आता स्मारक होतंय. येत्या स्वातंत्र्यदिनी दारावर स्वातंत्र्यसैनिकांच्या नावांची शिळा बसणार आहे. ते बघायला परगावाहून एक म्हातारे गुरुजी आले होते. बॅगेचं कुलूप अडकलं म्हणून दुकानात शिरले. मी काम करत होते आणि ते जादा किल्ल्यांची भिंत बघत होते. तुला आठवत असेल, प्रत्येक कुलपाची एक किल्ली आपल्या खिळ्यावर राहायची, गिऱ्हाइकाची हरवली तर असावी म्हणून. मालकाखेरीज ती कुणाच्याही हातात द्यायची नाही, हा बाबांचा एकमेव नियम.

गुरुजी म्हणाले, "सगळ्यांच्या डोक्यावर तीन रेघा दिसतात."

"बाबांची खूण. कानशीने करायचे."

त्यांनी आतल्या खिशातून एक किल्ली काढून माझ्यासमोर ठेवली. तीन रेघा.

"परत करायला उशीर झाला," म्हणाले. "काम झालं की आणून द्या, असा निरोप होता. कुणाला, ते सांगितलं नव्हतं."

तुरुंगाच्या सात नंबरच्या कोठडीतून चौघे निसटले, हे आपण शाळेत शिकलो. गुरुजी त्या चौघांतले आज हयात असलेले शेवटचे. किल्ली दूधवालीने दुधाच्या बरणीत टाकून आत नेली होती. कुणी केली, ते तिने मरेपर्यंत सांगितलं नाही.

त्याच शाळेत आपल्याला 'तुरुंगवाल्याची पोरं' म्हणायचे, कारण इंग्रजांच्या तुरुंगाची कुलपं बाबांची. तू त्यापायी घर सोडलंस. मी राहिले, म्हणून मी शहाणी, असं समजू नकोस.

हे लिहायचं नव्हतं, पण लिहिते. शेवटच्या आठवड्यात बाबा भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. तुरुंगाच्या किल्ल्यांच्या रांगेतला सात नंबरचा खिळा रिकामा. लहानपणी मी त्यावर दप्तर अडकवलं, तर लगेच काढायला लावलं होतं. मला म्हणाले, "तो खिळा उपटू नकोस हं." मी दमले होते. म्हटलं, "राहू दे. त्यावर टांगण्यासारखं तुम्ही केलंय तरी काय?" ते नुसते हसले. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. आलं होतं.

ते गप्प का राहिले, हे मला आता कळतं. गिऱ्हाईक कितीही दुष्ट असो, त्याचं कुलूप आपणच उघडलं असं सांगत फिरणारा माणूस त्यांच्या लेखी कारागीर नव्हता. देशासाठी नियम मोडला आणि ओठ शिवून घेतले.

मी गुरुजींना घेऊन स्मारक समितीकडे गेले. सचिव म्हणाले, "ताई, तुरुंगाच्या नोंदीत नाव लागतं."

"आहे की. कुलूप बसवणारा म्हणून."

"तसं नाही हो. शिक्षा झाल्याची नोंद."

"ते सापडले नाहीत. सापडायला हवं होतं का?"

गुरुजी हसता हसता खोकायला लागले. सचिव म्हणाले, "आणि किल्ली काय, कुणीही करून आणेल."

त्या कोठडीला अजून बाबांचंच कुलूप आहे. सरकारी किल्ल्या केव्हाच हरवल्या. पाहुण्यांना आत नेता यावं म्हणून समितीवाले ते करवतीने कापायला गेले, तर दोन पाती तुटली. मी सचिवांना त्या कोठडीपाशी नेलं, सगळ्यांसमोर तेलाचे दोन थेंब सोडले आणि किल्ली फिरवली. अर्ध्या वळशात उघडलं. सचिवांनी स्वतः टाळ्या वाजवल्या. मग म्हणाले, शिळेच्या तळाला 'साहाय्य' म्हणून बारीक अक्षरांत बाबांचं नाव बसवू. दूधवालीचं मात्र अवघड, तिचं नावच कुणाला माहीत नाही.

मी कुलूप परत लावलं.

"अहो ताई, समारंभ तोंडावर आलाय."

"दोघांना त्याच रांगेत घ्या, त्याच मापाच्या अक्षरांत. तिचं नाव मिळत नसेल तर 'दूधवाली' कोरा. मग येऊन उघडून देते. नाहीतर भाषणं बाहेर उभं राहून करा."

मला हट्टी म्हणतात. म्हणोत. मोठं बोलता येत नाही मला. नाव न सांगता माणसं ज्या देशासाठी राबली, त्याने निदान त्यांचं नाव विचारत फिरावं, एवढं मला वाटतं. आता नवी पाती मागवलीत असं ऐकलं. तीही तुटतील. बाबांचं कुलूप तुला ठाऊक आहे.

किल्ली सात नंबरच्या खिळ्यावर आहे. नियमाप्रमाणे मालकालाच द्यायची. समिती काही मालक नव्हे. तो तुरुंग आता या देशातल्या सगळ्यांचा, म्हणजे तुझाही. तेव्हा उघडायला तू ये.

वाट बघणारी तुझी बहीण,
तुरुंगवाल्याची पोर