उन्हाकडे पाठ

प्रिय धाकटे साहेब,

तुमच्या संस्थेचं मासिक पोचलं. मुखपृष्ठावर तुझा फोटो: आपल्या वस्तीच्या सभागृहाच्या गच्चीवर हाताची घडी घालून उभा आहेस, मागे सोलरची चकचकीत पॅनेलं, खाली ‘उजेड पेरणारा माणूस’. मला हसू आवरेना. शेजारच्या शिंपीणकाकूंनी तर फोटो उलटा धरून पाहिला. म्हणाल्या, असाही तेवढाच उजेड पडतोय.

विटा आम्ही बायकांनी वाहिल्या, तारा आम्ही ओढल्या. ‘वस्तीची वीज वस्तीच्या हाती’ हे भाषण मात्र तू ठोकलंस. आणि उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, पाहुण्यांना गाडीतून दिसावीत म्हणून, पॅनेलं रस्त्याकडे वळवून घेतलीस. ऊन एकीकडे, पॅनेलं दुसरीकडे. फोटो झाला की परत फिरवू म्हणालास. पाहुणे गेले, त्यांच्याच गाडीत बसून तूही गेलास.

तेव्हापासून बॅटऱ्या धड भरत नाहीत. गिरणी दुपारीच मान टाकते आणि संध्याकाळी आईचं श्वासाचं मशीन. मग आम्ही आळीपाळीनं तिला वारा घालत बसतो. फोन केला की तू ऑफिसातून सांगतोस, सिस्टीम उत्तम आहे, वापर कमी करा. उंटावरून शेळ्या हाकाव्यात त्या तूच. काय रे, आईनं श्वास कमी घ्यावा का?

चार बोल्ट ढिले करायला आम्हाला तुझी गरज नव्हती. अडवलं ते आईनंच, वस्तीच्या वीज समितीची अध्यक्ष ना ती. म्हणाली, माझ्या लेकानं विचार करूनच लावली असतील, तो येईल आणि तोच फिरवेल, तोवर कुणी हात लावायचा नाही. धाप लागलेली, बोलवत नाही, तरी तुझी वकिली चालूच. तेव्हा तुझं नाव ऐकलं तरी माझं तोंड कडू होतं.

काल दुपारी ती झोपली होती. मी आणि काकूंनी गच्चीवर जाऊन सगळी पॅनेलं उन्हाकडे वळवली. रस्त्यावरून आता त्यांची नुसती पाठ दिसते, तेव्हा पुढचा फोटो दुसरीकडे काढ. संध्याकाळी मशीन न थांबता चाललं. आईनं विचारलं, कुणी फिरवली? मी सांगून टाकलं, त्यानंच फोनवर सांगितलं म्हणून. ती अशी खुलली की मला रडूच आलं. रविवारी ती तुला शाबासकी द्यायला फोन करणार आहे. ती गुमान घे. आयुष्यभर खोटं बोललास, आता रविवारी खरं बोलायला जाऊ नकोस.

तुझीच, इलाज नाही म्हणून,
ताई