मानकांत दरवाजा नाही

७ जुलै, सकाळी ६
आजपासून रोज लिहिणार. बायको, अनुसूया, जाऊन चार महिने झाले, घरात बोलायला कोणी नाही. इरा आहे, पण मुलगी मराठीला हिंदीत उत्तर देते. तिला नीट समजावलं, घरची भाषा सोडू नये. म्हणाली, "हाँ बाबा."
चिरगावच्या हिंदी शाळेत मला मार्गदर्शक नेमलंय. शिक्षकांसाठी मानकांचा फॉर्म आलाय, वीस मुद्दे. नवी शिक्षिका सरला, सहरिया आदिवासी, तिच्या वस्तीतली पहिली मास्तरीण. तिची नोकरी पक्की होणं माझ्या शेऱ्यावर आहे. मी निष्पक्ष राहणार.

९ जुलै
काल राहिलं. डोकं दुखत होतं.
सरलाचा वर्ग पाहिला. मुलं जमिनीवर गोल करून, मध्ये मोहाच्या बिया, त्यांवर बेरीज. सगळं बुंदेलीत, इथल्या गावबोलीत. फार आवाज. रेवा नावाची मुलगी सारखी "हओ, हओ" म्हणत मान डोलावत होती. मानक चार, भाषा: शून्य दिलं. मन कठोर करावं लागलं.

११ जुलै
सरलाला विचारलं, मानक म्हणजे काय समजता. म्हणाली, "सर, हमारे लिए तो एक ही है. कोई बच्चा दरवाजे पर न बैठे. हम पाँच साल वहीं बैठे थे."
घरी येऊन फॉर्म पुन्हा वाचला. वीस मुद्द्यांत दरवाजा कुठेही नाही.

१२ जुलै
ठरलं. पुढच्या शनिवारी आदर्श पाठ मीच देणार. तिला दिशा मिळेल. फक्त मानक नऊ, 'मुलांबरोबर गाणे', सोडून. आमच्याकडे घरचं माणूस गेलं की वर्षभर सण-गाणं वर्ज्य. (गेल्या वर्षी घसा बसला होता. त्याच्या आधीचं आठवत नाही.)

१५ जुलै
तयारी उद्यापासून. नवा तक्ता करायची गरज नाही, अनुसूयाने केलेले कपाटावर आहेत. चोवीस वर्षं तक्ते तिचे, पण शिकवलं मीच.

१८ जुलै
तक्ते उतरवले नाहीत. स्टूल डगमगतं. उद्या सकाळी.

१९ जुलै, शनिवार, दुपारी ३
ब्लॉकच्या शिक्षण अधिकारी क्षमा मॅडम मागे बसल्या होत्या. मी शुद्ध हिंदीत सुरुवात केली. मुलं एकदम गप्प. शिस्त बसली म्हणून बरं वाटलं. 'पाण्याचे उपयोग' हा तक्ता टांगला, तो उलटा लागला. मागच्या बाजूला पेन्सिलीने अनुसूयाचं अक्षर. नजर गेली आणि मोठ्याने वाचलं गेलं: "आधी पाणी पी. घाई नको. जरा हस."
मास्तरांच्या मागून म्हणायची मुलांना सवय. चाळीस जणांनी एका सुरात म्हटलं, "आधी पाणी पी." मी घोटभर प्यायलो, तशी सगळ्यांनी बाटल्या काढल्या. पुढचं मला बोलता येईना. डोळ्यांत खडूची धूळ गेली. आमच्याकडे तीन वर्षांपासून मार्कर आहे, तरी.
वर्ग सरलाने सांभाळला. मुलांना बुंदेलीत म्हणाली, "जे सर के घर की बोली आय." रेवा ओरडली, "और सुनाओ, माट्साब!"

२१ जुलै
क्षमा मॅडमनी फॉर्म परत केला. म्हणाल्या, "विश्वंभरजी, मानक चार पढ़ा भी था? बच्चे के घर की बोली में पढ़ाना. जिस बात के पूरे नंबर हैं, उस पर आपने जीरो दिया." छपाई पुसट होती, असं मी सांगितलं. त्यांनी कागद उजेडात धरला. स्पष्ट होती.
शून्य खोडलं. पूर्ण गुण लिहिले. शेरा: नोकरी पक्की करावी. सही करताना पेन अडकलं नाही.
माझ्या रकान्यात मॅडमनी लिहिलंय, दर शनिवारी सरलाच्या वर्गात बसावे. म्हणजे देखरेखीसाठीच.

२६ जुलै, शनिवार
देखरेखीला गेलो. गोलात जागा दिसली नाही. दाराशी बसलो, नोंदी घ्यायला तिथून बरं पडतं.
सरलाने शिकवणं थांबवलं. माझ्याकडे बघत राहिली. मुलं सरकली. मग म्हणाली, "सर, अंदर."
आधी पाणी प्यायलो. मग गेलो.