ठकीसाठी संगणक

४ जून

चि. गुंड्या यास अ. उ. आ.

तुझे पत्र पोहोचले. आठ ओळींत अनुस्वाराच्या सहा चुका आहेत. त्या तांबड्या शाईने दुरुस्त करून पत्र सोबत परत पाठवीत आहे. छापखान्यात जन्मभर मुद्रिते तपासलेल्या माणसाला असे पत्र धाडणे म्हणजे सोनाराला पितळेची अंगठी दाखविणे होय.

आता मुद्द्याचे. ठकीची इमारत पाडणार आहेत आणि महिनाअखेर तिला जागा सोडावी लागेल. आपल्या दोघांपैकी कोणाकडे राहणार, असे तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, की ज्याच्या घरच्या संगणकावर माझे काम नीट चालेल त्याच्याकडे. अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके वाचून ती ध्वनिमुद्रित करते आणि ते काम ती सोडणार नाही. तिचा स्वतःचा संगणक मागल्या महिन्यात निवर्तला. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो, की माझा डेस्कटॉप की तुझा लॅपटॉप.

माझा प्रोसेसर जुना आहे, स्वस्तातला आहे, हे मान्य. त्याला गाभे, म्हणजे ज्यांना तू 'कोअर' म्हणतोस ते, दोनच आहेत. परंतु ते तीन गिगाहर्ट्झच्या वर धावतात आणि सकाळी ज्या वेगाने धावतात त्याच वेगाने संध्याकाळीही धावतात. तुझ्या प्रोसेसरला गाभे चार, म्हणून तू मिशीला पीळ देतोस. चार गडी कामावर ठेवले आणि चौघेही पेंगत बसले, तर शेजाऱ्याचे दोन बरे म्हणायचे. खोक्यावर छापलेला वेग तुझे यंत्र पहिली काही मिनिटे दाखविते. मग अंग तापते आणि ते निम्म्यावर येते. हा स्वभाव त्याने कोणाकडून उचलला, हे मी लिहीत नाही.

आणखी एक. तुला बहीण नको आहे. अंथरुणाला खिळलेल्या तुझ्या सासूबाईंसाठी बिनपगारी परिचारिका हवी आहे.

या पत्राची प्रत रिवाजाप्रमाणे ठकीला पाठविली आहे. आई गेल्यापासून आपल्या पत्रव्यवहाराला साक्षीदार ठेवावा लागतो, कारण 'मी असे म्हटलेच नव्हते' असे म्हणण्याची तुला सवय आहे.

आशीर्वाद आहेतच; पात्रता पाहून ते दिलेले नाहीत.

दादा

११ जून

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि तांबडं झालेलं माझं पत्र, दोन्ही मिळाली. शाळेतून प्रगतिपुस्तक आल्यासारखं वाटलं. बायकोला दाखवलं, तर पालक म्हणून सही कुठे करायची, असं तिनं विचारलं.

तुमचा डेस्कटॉप मला नका सांगू. विजेची यंत्रं दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं, आणि त्या खोक्याचं झाकण उघडून आतला धुळीचा गालिचा मीच दोनदा काढला आहे. तुमचा प्रोसेसर पासष्ट वॅट खातो. तेवढ्यात माझे चार प्रोसेसर पोटभर जेवतील. वीज गेली की तुमचं यंत्र जागच्या जागी मान टाकतं आणि ताईचं सकाळभराचं वाचन सोबत घेऊन जातं. माझ्याकडे बॅटरी आहे. शिवाय ताई एकीकडे नवा धडा मुद्रित करते आणि दुसरीकडे जुना धडा तयार होत असतो. दोन गाभे अशा वेळी एकमेकांच्या पायात येतात. तापण्याचं म्हणाल, तर प्रोसेसरवरची उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळली होती, ती खरवडून नवी लावली आणि पंखा साफ केला. आता तो तासन्‌तास दौड मारतो.

तोंडी दावे नकोत म्हणून तुमच्याच व्याकरणाच्या पुस्तकातलं एक पान माझ्या आवाजात मुद्रित करून ताईला पाठवलं आहे. यंत्र कुठेही अडखळलं नाही. मी अडखळलो, पण तो दोष पुस्तकाचा आहे.

परिचारिकेबद्दल. भिंग धरल्याशिवाय तुम्हाला आता अक्षर दिसत नाही. वर्तमानपत्र वाचून दाखवायला आणि दोन्ही वेळा गरम ताट पुढे ठेवायला तुम्हाला माणूस हवं आहे. वहिनींनी ते जन्मभर केलं. त्या होत्या तोवर तुम्हाला बहिणीची आठवण झाली नव्हती.

प्रत ताईला, तुमच्याच नियमानं.

राग नसावा, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

गुंड्या

१७ जून

चि. गुंड्या यास आशीर्वाद. या वेळी 'उत्तम' हा शब्द गाळला आहे, हे ध्यानात घ्यावे.

तुझ्या वहिनीला या वादात ओढण्याचे कारण नव्हते. ती तुझ्यासारख्यालाही दोनदा वाढीत असे.

मीही एक उतारा मुद्रित करून ठकीकडे पाठविला आहे. उच्चार कसे करावेत, हे निदान तिला एका भावाकडून तरी कळेल. त्या उताऱ्यातील खरखर काढून तो तयार होईपर्यंत माझा चहासुद्धा निवला नव्हता. तोच उतारा तुझ्या यंत्रावर घाल आणि किती वेळ लागला ते प्रामाणिकपणे कळव. खरखर काढणारी आज्ञावली बहुतांशी एकाच गाभ्याकडून राबवून घेते; तुझे उरलेले तीन गाभे त्या वेळी लग्नघरातल्या पुरुषांसारखे खुर्च्या अडवून बसतात.

येथे ठकीची खोली तयार आहे. कपाट रिकामे केले, खिडकीला जाड पडदा लावला, टेबल झटकून संगणक त्यावर मांडला. तू लॅपटॉप सासूबाईंच्या खोलीत नेऊन ठेवला आहेस, असे ऐकतो. माझे पहिले पत्र पुन्हा वाचावे.

ममता कमी झाली असल्यास तिचे कारण स्वतःकडे शोधावे.

दादा

२२ जून

ती. दादांस न. वि. वि. साष्टांग या वेळी जमलं नाही, कंबर धरली आहे.

तुमचा उतारा घालून पाहिला. वेळ तुमच्यापेक्षा जास्त लागला. एकट्या गाभ्याच्या कामात तुमचं यंत्र पुढे आहे, हे लिहून देतो. फ्रेम करून लावा.

पण लॅपटॉप उचलून ताई घरभर कुठेही बसेल. सासूबाईंच्या खोलीत तो ठेवला, कारण तिथे गारवा असतो आणि गारव्यात त्याचा वेग टिकतो. तुमच्याकडे ती त्या टेबलाला दाव्यानं बांधल्यासारखी बसणार, आणि मागे तुम्ही उभे राहणार, चुका काढत.

ठरवायचं ते ताईनं ठरवावं. तिच्यासाठी मी खाट पॉलिश करून घेतली आहे.

माया पातळ करू नये, एवढंच मागणं.

गुंड्या

२८ जून

ती. दादांना नमस्कार, चि. गुंड्याला आशीर्वाद, ज्याचं त्यानं घ्यावं. वि. वि.

एकच मजकूर दोघांना पाठवते आहे, म्हणजे एकमेकांना प्रत धाडायचे कष्ट वाचतील.

तुमची दोन्ही मुद्रणं कानांवर हेडफोन चढवून ऐकली. दादा, तुमचे उच्चार स्वच्छ आहेत, पण पहिल्या शब्दापासून मागे तुमच्या डेस्कटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो. गुंड्या, तुझा लॅपटॉप चार वाक्यं गप्प बसला. मग प्रोसेसर तापला आणि पंख्यानं जी शिटी धरली ती शेवटपर्यंत सोडली नाही. तुम्ही गाभे मोजलेत, वॅट मोजलेत, चहा निवतो का ते पाहिलंत. मी वाचत असताना खोलीत दुसऱ्या कशाचाही आवाज नको, ही माझ्या कामाची पहिली गरज. ती काय आहे, हे एवढ्या पत्रांत एकानंही मला विचारलं नाही. दादा म्हणतील, खरखर नंतर काढता येते. येते. तिच्याबरोबर माझ्या आवाजाची धारही जाते, आणि ऐकणाऱ्या मुलांना मी विहिरीच्या तळातून बोलते आहे असं वाटतं.

म्हणून मी पंखाच नसलेला एक जुना लॅपटॉप घेतला आहे. त्याचा प्रोसेसर सहा वॅटचा आहे आणि इतका संथ, की धडा साफ करायला लावून मी कपडे धुते, वाळत घालते, आणि परत येते तेव्हा तो अजून विचारच करत असतो. गुंड्या त्याला खेळणं म्हणेल. दादा त्याला प्रोसेसर म्हणायलाही तयार होणार नाहीत. माझं त्याच्यावर चालतं.

राहायलाही मी तुमच्याकडे येणार नाही. आमच्या ध्वनिग्रंथालयाच्या वरची मागली खोली मला मिळाली, आणि सामान परवाच हललं. तुम्हाला आधी कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर टेम्पो कोणी सांगायचा यावर आणखी चार पत्रं झाली असती.

परिचारिकेबद्दल दोघांनी एकमेकांविषयी जे लिहिलंत, ते दोघांचंही खरं आहे. दादांचा पडदा आणि गुंड्याची खाट, तेही खरं असेल. पण एकमेकांची नस न नस ओळखणारी माणसं मला इतकी कमी ओळखतात, याचं आधी वाईट वाटलं, मग राग आला. तो अजून गेलेला नाही. प्रती पाठवणं आता बंद करा. मला साक्षीदार व्हायचं नाही.

भेटायला या. दाराबाहेर तांबडा दिवा आहे. तो लागलेला असला की घंटा वाजवायची नाही, हाक मारायची नाही, जिन्यात बसून राहायचं. दोघं एकाच दिवशी आलात तर एकाच पायरीवर बसा. वरची कोणाची यावरून वाद घालू नका, जिन्यातलं सगळं आत ऐकू येतं.

लोभ असू द्या, शक्यतो मुकाट्यानं.

दादांची ठकी, गुंड्याची ताई