चार सिलिंडर, दोन सिलिंडर आणि एक नारळ

लोअर हट, न्यूझीलंड
ऑक्टोबर २००४

ती. चारुदत्तराव यांस,

नारायणचा सादर प्रणाम. (साष्टांग लिहिणार होतो, पण इथल्या गारठ्याने गुडघे इतके आखडलेत की खोटं लिहिल्यासारखं झालं असतं.) तुमचा मोडलेला पाय कसा आहे? अजून ठणकतो का? ही चौकशी मी केवळ रीत म्हणून करत नाही, कारण पुढची सगळी भानगड त्या पायापासूनच सुरू होते. बाकी आम्ही उभयता मुलाकडे सुखरूप आहोत. वारा मात्र असा की वाळत घातलेला माझा लेंगा दर आठवड्याला शेजाऱ्याच्या अंगणात सापडतो. शेजारी सज्जन आहे, घडी घालून आणून देतो.

तर झालं असं, की आमच्या प्रसन्नला मोटरसायकल घ्यायची आहे. कामाला तो वेलिंग्टनला ट्रेननेच जातो, पण शनिवार-रविवारी घाटातून भटकून यावं अशी त्याची फार दिवसांची हौस. सूनबाईंची, म्हणजे मेधाची, हरकत नाही. अडलं होतं ते आईपाशी. "ती इथे आहे तोवर तिला खिडकीशी उभं ठेवून मी फिरायला जाणार नाही," असं त्याने मला स्पष्ट सांगितलं, आणि मला पोराचं फार कौतुक वाटलं. तीस वर्षांपूर्वी मोटरसायकलवर असताना तुम्हाला मिरज रोडवर म्हैस आडवी आली, तेव्हा तुमची ही बहीण दवाखान्यात तुमच्या उशाशी बसून होती. तेव्हापासून मोटरसायकलचा आवाज कानावर आला की उर्मिला हातातलं काम थांबवते आणि आवाज लांब जाईपर्यंत तशीच उभी राहते. मी तिला समजावलं की इथे म्हशी नाहीत, मेंढ्या आहेत, आणि त्याही कुंपणाच्या आत. त्यावर ती म्हणाली, "दादाला आडवी आली ती म्हैसपण गोठ्यातलीच होती."

उर्मिलेचा होकार मिळायचा होता, पण तोवर गाडी कुठली हे ठरवायला काय हरकत, असं म्हणून आम्ही बाप-लेक कामाला लागलो. इथल्या बॅरी नावाच्या दुकानदाराकडे दोन गाड्या होत्या. दोन्ही ज्याला इथे 'नेकेड' म्हणतात त्या जातीच्या, म्हणजे अंगावर प्लॅस्टिकचं आवरण नाही, इंजिन उघडं. (हा शब्द उर्मिलेसमोर काढायचा नाही, असं आमचं ठरलं होतं. घरात आम्ही 'साधी गाडी' म्हणायचो.) निळीला चार सिलिंडर, पंगतीला बसल्यासारखे एका ओळीत. लालला दोनच, आणि तेही इंग्रजी व्ही अक्षरासारखे, खाली जोडलेले आणि वर एकमेकांपासून लांब, भांडण झाल्यावर एकाच बाकावर बसलेल्या नवरा-बायकोसारखे. मी पस्तीस वर्षं पंपांच्या कारखान्यात काढली. थरथरणारं यंत्र मला सहन होत नाही. चार सिलिंडरची चाल कशी, टाकीवर दुधाचा पेला ठेवा, साय हलायची नाही. प्रसन्नचं म्हणणं, दोनवाली खालच्या वेगातही चढावर जोर धरते, अंगाने बारीक असल्याने वळणावर हलकी पडते, आणि तिच्या धडधडीत जीव आहे. मी म्हटलं, जीव माणसात असावा, यंत्रात संतुलन असावं. महिनाभर रोज जेवताना आमचा हाच विषय. चारुदत्तराव, खरं सांगतो, तो नोकरीला लागल्यापासून आम्ही दोघं इतकं कधी बोललोच नव्हतो. फोनवर हवापाण्याची चौकशी झाली की तो म्हणायचा, "आईला देतो." इथे तो मला ताटावरून उठू देत नव्हता. मला फार बरं वाटत होतं. आणि शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे बाबा, आई हो म्हणालीच तर तुम्ही म्हणता तीच घेऊ." इंजिनिअरचा मुलगा, अखेर पटलं त्याला.

तरीपण गेल्या शनिवारी, मनात शंका नको म्हणून, त्याने लाल गाडी चालवून बघायला तासाभरासाठी घरी आणली. (बॅरी लायसन्स बघतो, "स्वीट अ‍ॅज", म्हणजे 'झकास', म्हणतो आणि किल्ली हातात देतो. आपल्याकडे कुणी सायकल देणार नाही.) मी आवाज ऐकला, नाक मुरडलं, आणि कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणायला आम्ही दोघं वाद घालत पायी निघालो.

परत येऊन बघतो तर गाडीच्या टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक. आरशाला कॅमेलियाच्या फुलांची माळ. दोन्ही चाकांखाली मेधाच्या झाडाची लिंबं. ड्राइव्हवेवर फुटलेला नारळ, आणि हातात निरांजन घेऊन उर्मिला. म्हणाली, "मला न विचारता आणलीत, त्याचं नंतर बघू. पण दारात आलेलं वाहन बिनपूजेचं ठेवायचं नाही. प्रसन्न, लिंबांवरून गाडी घे. आणि हळू चालवत जा."

आता तुम्हीच सांगा, ही गाडी आपली नाही, तासाभरात परत द्यायची आहे, हे कुठल्या तोंडाने सांगणार? तीस वर्षांची भीती गिळून त्या माउलीने ओवाळलं होतं. प्रसन्नने माझ्याकडे बघितलं, मी दुधाच्या बाटलीकडे. मग तो गाडीवर बसला, लिंबं चिरडली आणि थेट बॅरीकडे गेला. मी मागून मेधाच्या गाडीतून. बॅरी स्वस्तिकाकडे बघून म्हणाला, "सो, यू लाइक इट, मेट?" पूजा झालेली गाडी परत देता येत नाही हे प्रसन्नने त्याला बरंच समजावून सांगितलं. त्याने मान डोलावली, प्रसादाचं खोबरं खाल्लं आणि कागद पुढे केले. अशा रीतीने माझे चारही सिलिंडर हरले. उर्मिलेच्या एका गैरसमजाने शास्त्राचा पराभव झाला, पण पोर मात्र शाळेतून पहिला नंबर घेऊन आल्यासारखं हसत होतं.

वहिनींना नमस्कार, तुमच्या पायाला जपा.

तुमचा,
नारायण

ता. क. : एक किरकोळ काम. आमच्या घराची किल्ली तुमच्याकडे आहेच. माझ्या कपाटाच्या वरच्या खणात माझं मोटरसायकलचं लायसन्स आहे. तुमची मृणालिनी पुढच्या महिन्यात इकडे येते आहे, तिच्याबरोबर पाठवा. सिद्धान्त म्हणून चारच बरोबर, पण दोनवाली चढावर नक्की कशी ओढते हे स्वतः तपासल्याशिवाय मत बनवणं शास्त्राला धरून नाही. उर्मिलेला कळवू नये.

ता. क. दुसरा : दादा, पाकीट बंद करायला माझ्याकडे दिलं होतं, म्हणून वाचलं. गाडीच्या मागे दुकानाची पाटी लटकत होती, आणि मला इंग्रजी वाचता येतं. महिनाभर स्वयंपाकघरातून यांचं सगळं ऐकत होते. पोराला लालच हवी होती, बापाचं मन मोडायला नको म्हणून निळी घेणार होता. म्हणून नारळ फोडला. यांना सांगू नकोस. भीती काही गेलेली नाही, अजून खिडकीशी उभी राहतेच. तेव्हा लायसन्स सापडलं नाही असं कळव. एकाची वाट बघणं मला जमेल, दोघांची नाही. — उर्मिला