बिशपची बादली

१२ ऑगस्ट

बिशप गेला! आमचा बिशप — आणि तोही रानघोड्यांना घेऊन!

अख्ख्या नेवाडात कुणाच्या घोड्याने असं केलं नसेल. हेलिकॉप्टर सरकारी रानातला कळप सापळ्याच्या तोंडाशी आणतं. तिथे माझा नवरा अँडर बिशपला सोडतो. बिशप आतल्या ओटच्या बादलीकडे धावतो, आणि भोळे रानघोडे त्याच्यामागे आत. नाव बिशप, धंदा फितुरीचा! आज बादली ट्रकमध्येच राहिली. अँडरचं डोकंही तिथेच राहिलं असावं. बादली दिसेना, तसा बिशप सापळ्याच्या वाटेकडेचा तागाचा आडोसा फाडून थेट डोंगराकडे — त्याच्यामागे कळपाची म्होरकी करडी घोडी, सगळ्या कळपासकट.

घोडे धरणारा कंत्राटदार डेल ओरडला, "अँडर, तुझा घोडा पगार कुणाचा खातो रे?" मला हसू आवरेना. घरी येऊन मात्र रडले. खच्ची केलेला घोडा तो. रानातला नर त्याला जगू देईल?

१३ ऑगस्ट

झोप नाही.

१५ ऑगस्ट

जिवंत आहे! पायलट मुद्दाम सांगायला आला — "वरच्या झऱ्यावर ऐटीत चरतोय, वहिनी. करडीला खेटून!" जीव भांड्यात पडला.

डेलचं कामही आटोपलं, ट्रक गेले. करडीचा कळप धरायचा राहिला तो राहिलाच. घोडे फार झालेत, खालचे झरे आटलेत, काही धरायलाच हवेत — कळतं मला. पण करडी रोज माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायची. सुटली बाई एकदाची! किती हलकं वाटतंय.

१८ ऑगस्ट

अँडर म्हणतो, "विसर आता त्याला, मायते." विसरते कसली! सकाळी आवारात जाऊन ओटची बादली वाजवली. वेड्यासारखी. कुणी आलं नाही.

१९ ऑगस्ट

पुन्हा वाजवली.

२० ऑगस्ट

आला! खांद्यावर चाव्याची खूण, अंगभर धूळ, आणि तोंड थेट बादलीत. मी त्याच्या गळ्यातच पडले. मग मान वर केली — समोर करडी. तिच्यामागे सगळा कळप, फाटकाच्या आत! शिकवलेलं काम त्याने चोख केलं होतं.

घरातून अँडरची हाक — "टापा कसल्या गं? सगळे आले की काय? डेलला फोन लावू?"

कळपाला बाहेर पडता यावं म्हणून मी फाटक सताड उघडलं.

"छे रे! एकटा बिशपच आलाय!"