अकरा आणि चारच्या मधोमध

७ जानेवारी, मंगळवार

टक्-टक्, टक्! गुरुजींची पट्टी टेबलावर पडायची आणि सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा. आज पहाटेपासून तोच आवाज कानात आहे. काल खुब्याचं ऑपरेशन झालं — पडल्या पडल्या दुसरं करणार काय?

समोरच्या भिंतीवर नवा कोरा तक्ता आहे. डॉ. इरावतींनी लावलाय. त्यावर लिहिलंय: ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पेशंटला उभं करावं. पहिल्यांदा उठवताना घरचं माणूस शेजारी असावं. डॉक्टर म्हणतात, "पडून राहिलात की पाय चालणं विसरतात, आजोबा." वृत्तात बसत नाही, पण हेतू चांगला.

अकराला फिजिओ मेघना आली. "घरचं कोण आहे?"

कोणी नाही. घरच्यांना चारपासून आत सोडतात.

"मग मला नाही उठवता येणार. प्रोटोकॉल आहे." गेली.

८ जानेवारी

चारला मुलगा, पुष्कर आला, ऑफिसातून धावत. मेघनाची ड्यूटी दोनला संपते! मंजुळा सिस्टरना म्हटलं, तुम्हीच करा उभं. "ते फिजिओचं काम. मी हात लावला तर माझ्यावर येतं."

९ जानेवारी

सकाळी राउंड. डॉ. इरावती चिडल्या. "अजून आडवेच? मग तक्ता कशाला लावलाय?" मेघना सिस्टरकडे बघते, सिस्टर मेघनाकडे. फळा कोणी पुसायचा म्हटलं की आम्ही वर्गात अस्सेच बघायचो. गेटवर सांगा ना, म्हटलं. डॉक्टर म्हणाल्या, "गेट आमच्याकडे येत नाही, आजोबा."

सगळी मायाळू माणसं. शेजारच्या खाटेवरचे रामदास असेच पडून राहिले. आता नुसतं बसवलं तरी त्यांना गरगरतं. बघवत नाही.

१० जानेवारी

आज पुष्कर रजा टाकून अकराला आला. वॉचमनने अडवला. खालून फोन — "बाबा, पास चारचा आहे म्हणतो." मेघना माझ्या उशाशी उभी. तिच्या हातात फोन दिला. तिने परोपरीने सांगितलं. तो म्हणे, "मॅडम, मला पण रूल आहे ना."

संध्याकाळी पाय हलवून पाहिला. ओंडका. घरी बायकोला, कालिंदीला फोन लावला. गुडघ्यांपायी ती दसऱ्यापासून जिना उतरलेली नाही. म्हटलं, आता दोघं मिळून खिडकीतून खालचा हिंदमाता चौक बघत बसू.

ती म्हणाली, "झोपा आता."

११ जानेवारी, शनिवार

अकराच्या सुमारास पुन्हा तेच. टक्-टक्, टक्. म्हटलं, गुरुजी न्यायला आले की काय.

दारात कालिंदी. वॉकर धरून, घामाघूम.

"शेजारच्या दिनेशने आणि त्याच्या भावाने खुर्चीत बसवून उतरवलं. वॉचमनने वॉकर बघितला आणि पेशंट समजून सोडलं आत." मग मेघनाकडे वळून — "मी घरचं माणूस. उठवा ह्यांना."